पाचवी-सहावीचा नवीन वर्ग मिळालाय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, 2025 ला बाकी महाराष्ट्रात 16 जूनला अन आपल्याकडे 23 जूनला, त्यामुळे नागपुरात पहिल्या दिवसापासूनच पोर्शन मागे पडायची धास्ती असते आणि हजेरी झाली की लगेच धडा पहिला सुरू. ही सगळ्यात मोठी चूक. बऱ्याच शाळांमध्ये पाचवीला पोरं वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून येतात, प्रत्येकाची सवय वेगळी, कुठे पाणी प्यायला विचारावं लागायचं, कुठे नाही.

आणि मग आपण काय करतो, पंधरा नियमांचा चार्ट वाचून दाखवतो अन भिंतीवर लावतो. नियम ऐकून नाही कळत हो, करून कळतात. वह्या मागून पुढे कशा द्यायच्या, रिसेसनंतर आत कसं यायचं, टीचर कोणाशी बोलत असताना काय करायचं, हे तीन-चारच घ्या आणि खरोखर करून घ्या. चुकलं की न रागावता परत. यात जे तास जातात ते वाया नाहीत, त्यामुळे वर्षभर रोज वेळ वाचतो.

दुसऱ्या आठवड्यात गोंधळ परत सुरू झाला तर? नवीन शिक्षा काढू नका. नेमका कधी होतो ते बघा, बहुतेक वेळा एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळातच होतो, मग फक्त तेवढ्याचीच प्रॅक्टिस घ्या.

पहिल्याच दिवशी लेखी टेस्ट घेऊन हुशार पुढे, बाकी मागे असं तर अजिबात नको. मला हे बघवत नाही, लेकरू वर्षभर तोच शिक्का घेऊन बसतं. बाकीचे चित्र काढत असताना एकेकाला जवळ बोलवा, एक परिच्छेद वाचून घ्या, हातच्याची वजाबाकी अन एक भागाकार द्या, कुठे अडतं ते लगेच दिसतं. सेमीवाले, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत शिकणारे, गप्प असतील तर तेच गणित मराठीत विचारून बघा. आणि नागपूरची पोरं बोलता बोलता हिंदीत जातातच, सगळ्यांसमोर टोकलं तर ती बोलणंच बंद करतात.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको, काहीतरी चांगलं सांगायला करा.

जागा पण लगेच पक्क्या करू नका. बोर्ड दिसत नाही हे पोरं स्वतःहून सांगत नाहीत, शेवटच्या बाकावरून एकेकाला बोर्ड वाचायला लावा, कोणी डोळे बारीक केले तर त्याच दिवशी पुढे बसवा अन डोळे तपासायला घरी सांगा.