इन्व्हर्टरच्या बॅटरीत कोणते पाणी घालावे?

लेड-ॲसिड बॅटरीतील पातळी खाली गेली की घरच्या आरओचे पाणी ओतण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्या पाण्यातही क्लोराइड, कॅल्शियम यांसारखे आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) काही प्रमाणात शिल्लक असतात आणि बॅटरीतून कमी होते ते केवळ पाणी, त्यामुळे दर वेळी घातलेले क्षार आत साठत जाऊन प्लेटांचे आयुष्य घटवतात. म्हणून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) किंवा विआयनीकृत (आयन काढून टाकलेले) पाणीच वापरावे.

विआयनीकरणात पाणी रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या बारीक मण्यांमधून सोडतात. एका प्रकारचे मणी सोडियम, कॅल्शियम असे धन आयन धरून ठेवतात व बदल्यात हायड्रोजन आयन देतात, दुसरे क्लोराइड, सल्फेट धरून हायड्रॉक्सिल आयन देतात, आणि या दोहोंच्या संयोगातून पुन्हा पाणीच तयार होते. ही युक्ती खरोखर देखणी आहे. जिवाणू काढून टाकण्याची मात्र ती पद्धत नव्हे, तेव्हा हे पाणी निर्जंतुक समजू नये.

अशा पाण्याच्या कॅनचे झाकण घट्ट लावावे आणि पाणी ओतताना धातूचे नव्हे, प्लास्टिकचे स्वच्छ नरसाळे घ्यावे. चार्जिंगच्या वेळी आतील द्रावण वर चढत असल्याने पूर्ण चार्जिंगनंतरच वरच्या खुणेपर्यंत भरावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या जेमतेम बुडतील इतकेच पाणी घालून चार्जिंग करावे. हातमोजे व चश्मा घालावा, आणि पातळी वाढवण्यासाठी ॲसिड कधीही ओतू नये.