घरच्या फिशटँकसाठी फिल्टर कसा निवडावा

दुकानात गेलं की "टाकी केवढी?" असं विचारतात, आपण "दोन फुटी" म्हणतो आणि एक खोका समोर येतो. तो उचलण्याआधी फिल्टर नेमकं काय करतो ते समजून घ्या.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळत राहतो. तो दिसत नाही, म्हणूनच काचेसारख्या नितळ पाण्यातही मासे मरतात. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर वाढणारे जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्यामानाने सौम्य, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. तेव्हा कुठलाही फिल्टर हातात घेतला की दोन गोष्टी बघायच्या: जीवाणूंना बसायला जागा किती आणि त्यांना प्राणवायू कसा मिळणार.

आधी टाकी मोजा. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. 2×1×1 फुटांची टाकी म्हणजे 56 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी 45 ते 50 लिटरच उरतं. फिल्टरच्या खोक्यावर तासाला किती लिटर ते लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या माशांच्या साध्या मिश्र टाकीला पाण्याच्या चार ते सहा पट प्रवाह पुरतो, म्हणजे इथे तासाला 200 ते 300 लिटर. स्पंजमध्ये गाळ साठला की प्रवाह कमी होतो, म्हणून वरच्या आकड्याकडे झुकलेलं बरं.

मग मासे बघा, कारण खरा निर्णय तेच करतात. गोल्डफिश भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात. त्यांना आठ-दहा पट प्रवाह लागतो, आणि मोठी टाकीही. फायटर (बेटा) माशाचं उलटं. माझ्या पहिल्या फायटरच्या टाकीत मी पाण्यात बुडवून ठेवायचा जोरकस इंटर्नल फिल्टर लावला होता. मासा दिवसभर एका कोपऱ्यात पानाआड अंग चोरून बसायचा. खाद्य टाकलं की वर यायचा, पण दाणा तोंडाशी येईपर्यंत प्रवाह त्याला काचेवर नेऊन आपटायचा. लांब शेपटीच्या माशाला वाहत्या पाण्यात स्थिर राहणंच जड जातं. फिल्टर बदलला आणि दोन दिवसांत तो टाकीभर फिरायला लागला. गप्पी पाळत असाल तर पिल्लं फिल्टरच्या तोंडात ओढली जातात. तिथे स्पंजची टोपी चढवाच.

तिसरा प्रश्न विजेचा. तुमच्याकडे लाईट तासन्‌तास जाते का? कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर. त्यात पाणी थांबलं की प्राणवायू संपतो, जीवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी कुजतं. लाईट आल्यावर तेच पाणी टाकीत येतं. म्हणून बऱ्याच वेळाने लाईट आली तर डबा उघडून आतलं पाणी ओतून द्या, मगच सुरू करा.

पहिली टाकी असेल तर मी डोळे झाकून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सांगेन. स्वस्त, प्रवाह सौम्य, पिल्लांना धोका नाही, आणि लाईट गेली तर बॅटरीच्या पंपाला नळी जोडून तो चालू ठेवता येतो. पंपाची घरघर मात्र झोपायच्या खोलीत जाणवते. मोठ्या किंवा गच्च भरलेल्या टाकीला वर बसवायचा टॉप फिल्टर किंवा मागे लटकवायचा फिल्टर चांगला, त्यात रिंगा भरायला जागा असते. चार फुटी टाकीपासून कॅनिस्टरचा खर्च सार्थकी लागतो. खड्यांखाली बसवायचा अंडरग्रॅव्हल मी नवख्यांना सुचवत नाही: जाळीखाली गाळ साठतो आणि तो काढायला सगळी टाकी उपसावी लागते.

लावताना एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा. नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करा, एरवी फिल्टर रात्रंदिवस चालू हवा. वीजबिलाची भीती नको. 5 वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी साडेतीन-पावणेचार युनिटच होतात.

नव्या फिल्टरवर जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवा आणि खाद्य चिमूटभरच टाका. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका. मी एकदा धुतला होता, पांढराशुभ्र होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते. नळाच्या क्लोरीनने जीवाणू गेले होते. टाकीतलंच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, बस. तपकिरी राहिला तरी चालतो. पुढे फिल्टर बदलायची वेळ आली तर जुना लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही शेजारी चालू द्या, म्हणजे जुन्यावरचे जीवाणू नव्यावर जाऊन बसतील.