कोलेस्टेरॉल वाढलंय? सुंगटं (कोळंबी) सोडायच्या आधी नारळ मोजा

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल जास्त आलं की आपल्या गोव्यात पहिली गदा येते सुंगटांवर, मग अंड्याच्या बलकावर, आणि हुमणातला, म्हणजे माशांच्या कालवणातला, नारळ मात्र बिनधास्त चालू, कारण म्हणे नारळात कोलेस्टेरॉल नसतंच. ते खरंय. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, खाण्यातून जास्त गेलं तर बऱ्याच जणांचं लिव्हर स्वतःचं बनवणं थोडं कमी करतं. सॅच्युरेटेड फॅटची, म्हणजे नारळात, तुपात असते त्या चरबीची, गोष्ट वेगळी. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लिव्हर आपल्या रिसेप्टरने (पेशींवरच्या पकडीने) आत ओढून घेतं, सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर कमी होतात, मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि हळूहळू धमन्यांच्या भिंतीत साचायला लागतं.

आता करायचं काय, तर सगळ्यात आधी रिपोर्टमध्ये नुसतं टोटल बघू नका, एलडीएलचा आकडा बघा. तो १९० च्या वर असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल तर पथ्याच्या भरवशावर बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. डायबेटिस असेल तरी अंडी किती खायची ते त्यांनाच विचारा.

मग हिशोब मांडा. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने सॅच्युरेटेड फॅट साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावं, एलडीएल वाढलेलं असेल तर त्याहून कमी. १०० ग्रॅम सुंगटांत कोलेस्टेरॉल दीडशे मिलिग्रॅमच्या वर असतं पण सॅच्युरेटेड फॅट अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. एका अंड्यात साधारण दीड ग्रॅम. आणि १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात? जवळपास ३० ग्रॅम! खोबरेल तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे ११-१२ ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांत बांगडे तळले आणि ते सगळं तेल पोटात गेलं तर दिवसाचा कोटा संपलाच. खोबरेलाने चांगलं एचडीएल वाढतं असं कौतुकाने सांगतात, पण एलडीएलपण वाढतं हे कोणी सांगत नाही.

नारळ बंद करा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कोण ऐकणार. हुमणाला अख्ख्या नारळाऐवजी अर्धा घ्या, रस पातळ काढा, दाटपणाला कांदा-धणे थोडे जास्त वाटा. सोलकढीत नारळाचा रस न घालता नुसत्या सोलांची (कोकमांची) कढी करा, उन्हाळ्यात तीच बरी लागते. तळायला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या आणि मासे तव्यावर कमी तेलात भाजा. बांगडा-तारले (पेडवे) तर खाच, त्यांतलं ओमेगा-३ हे चांगलं फॅट कामाचं आहे. चोरीस (गोव्याचं सॉसेज) पाव आणि बेबिंक (थरांचा गोड केक) सणासुदीला, कारण चोरीसात डुकराची चरबी आणि बेबिंकमध्ये नारळाचा रस, तूप, बलक सगळंच आलं. बेकरीचे पॅटिस, बिस्किटं घेताना पाकिटावर पाम तेल आहे का बघा, त्यात जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं.

एक मात्र सांभाळा, नारळ कमी केला म्हणून पाव आणि गोडधोड वाढवलं तर फायदा होत नाही, रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड्स, वाढू शकतात. त्यापेक्षा अळसांदे (चवळी), चणे, मूग खा, त्यातला विरघळणारा फायबर एलडीएल थोडं खाली आणतो. दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. औषध चालू असेल तर आकडा खाली आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका, गोळीमुळेच तो खाली आलेला असू शकतो.