एमसीएसाठी कॉलेज निवडायचंय? आधी हे तपासा

रावेर-सावदा भागातल्या केळीच्या व्यापाऱ्याकडे दिवसभर बसा, म्हणजे कळेल. कोणाच्या बागेतून किती माल निघाला, तो कुठल्या ट्रकने गेला, त्या दिवशीचा बोर्ड भाव काय होता, कोणाचे पैसे बाकी, हे सगळं वहीतनं काढून कॉम्प्युटरवर असं बसवायचं की मालकालाही कळेल आणि हिशेबही चुकणार नाही. याच कामाचं शिक्षण म्हणजे कॉम्प्युटर इन्फॉर्मेशन सिस्टीम्स, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं त्यासाठी एमसीए, म्हणजे मास्टर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स, करतात.

मागच्या वर्षी भाच्यासाठी जळगाव, धुळे, नाशिक, पुणे सगळीकडची कॉलेजं बघितली, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

आधी कागद बघा. एमसीएला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची परिषद) मान्यता लागते, ती त्या वर्षाची आहे का आणि किती सीटची, हे कॉलेजच्या वेबसाइटवर सापडतं. नाही सापडलं तर फोन करून मागा, लाजू नका. ऑनलाइन एमसीए असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं, दोन्ही नावं बघा. बारावीला किंवा डिग्रीला गणित नसेल तर ब्रिज कोर्स करावा लागेल का, तेही आत्ताच विचारा.

मग सिलॅबस, आणि इथे खरंच वेळ द्या. एमसीए २०२० पासून २ वर्षांचं झालंय, आधी ३ होतं, म्हणजे आता ४ सेमिस्टरमध्येच सगळं बसवायचं. सिलॅबसची पीडीएफ काढा आणि पेन घेऊन बसा. डेटाबेस, सिस्टीम अ‍ॅनालिसिस, नेटवर्किंग, सिक्युरिटी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, हे आहे का? प्रॅक्टिकलला किती क्रेडिट? शेवटच्या सेमिस्टरला कंपनीत इंटर्नशिप आहे का नुसता प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्ट असेल तर मागच्या बॅचचे दोन-तीन रिपोर्ट लायब्ररीत बघायला मागा. माझ्या मते सगळ्यात खरी गोष्ट इथेच कळते, कारण दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंट आणि तेच हॉस्पिटल मॅनेजमेंट दिसलं तर समजायचं की पोरांना कोणी बाहेर पाठवलंच नाही, खऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लावलंच नाही, आणि या विषयात तेच तर शिकायचं असतं.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका. एका कॉलेजने आम्हाला मोठी यादी दाखवली, भाच्याने त्यातली दोन पोरं लिंक्डइनवर शोधून विचारलं, तर एक इंजिनीअरिंगचा निघाला आणि दुसऱ्याने नोकरी स्वतःच्या हिंमतीवर मिळवलेली. फार वाईट वाटलं, कारण त्या यादीवर आईबाप लाखभर रुपये भरतात. म्हणून विचारायचं असं, की मागच्या वर्षी एमसीएला किती जण होते, त्यातले किती लागले, आणि कमीत कमी पगार काय.

कॉलेजला कामाच्या दिवशी दुपारी जा. लॅब उघडी आहे का, पोरं मशिनवर बसलीत का, सर-मॅडम कायमचे आहेत का तासावर येतात, हे तासाभरात कळतं.

पैशाचं गणित घरी बसून करा. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यापेक्षा जास्त कोणी मागितली तर पावती मागा. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन कॅप राउंडमधनंच (सरकारच्या प्रवेश फेरीतनंच) अ‍ॅडमिशन घ्या भाऊ, मॅनेजमेंट कोट्यात महाडीबीटीची (राज्य सरकारचं पोर्टल) स्कॉलरशिप मिळत नाही. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे पोरगी असलेल्या प्रत्येक घरी सांगा. पुण्याला जायचं तर रूम, मेस, सणावाराला गावी येणं हे २ वर्षांचं जोडा आणि जळगावच्या आपल्या विद्यापीठाशी किंवा धुळ्याच्या कॉलेजशी तुलना करा. सिलॅबस आणि इंटर्नशिप बरोबरीची असेल तर मी तरी पोराला घरच्या डब्यावर इथेच शिकवीन.