कॅप्सूल गिळताना मान मागे टाकताय ना? तिथंच गाडी अडतेय

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला आता वीसेक वर्षं झाली आणि आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "दादा, याची पुडी करून द्या ना, घशाखाली उतरत नाही." पूर्वी डॉक्टरच दवाखान्यात गोळ्या कुटून कागदात पुड्या बांधून द्यायचे, ती सवय अजून गेली नाही, समजू शकतो. पण कॅप्सूलची पुडी मागणारा माणूस आला की माझ्या पोटात गोळा येतो. चार दिवसांचा कोर्स असला तर माणूस कसंबसं ढकलतो, पण रोजची, वर्षानुवर्षं चालणारी कॅप्सूल असली, प्रोस्टेटची, ॲसिडिटीची, नसांच्या दुखण्याची, रक्त पातळ ठेवायची, तर जो तो स्वतःचा जुगाड शोधून काढतो आणि तो जुगाड ना डॉक्टरला सांगतो ना मला, थेट काहीतरी बिघडल्यावर कळतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय.

चूक पहिली: आकाशाकडे बघून गिळणं

शंभरातले नव्वद लोक हेच करतात. कॅप्सूल जिभेवर, एक घोट पाणी, आणि मान अशी मागे झटकायची की मानेचा मणकाच निखळावा. गोळीला हे एकवेळ चालतं कारण गोळी जड असते, पाण्यात बुडते. कॅप्सूल तरंगते हो! आत पावडर किंवा बारीक दाणे आणि उरलेली जागा हवेची. एकदा पाण्याच्या पेल्यात टाकून बघा. आता विचार करा, तुम्ही मान मागे टाकली की तोंडाची पुढची बाजू वर जाते, पाणी घशाकडे जातं आणि कॅप्सूल तरंगत तरंगत दातांकडे येते. पाणी गेलं, कॅप्सूल तोंडातच. मग दुसरा घोट, तिसरा घोट, तोवर वरचं जिलेटिनचं कवच भिजून चिकट होतं आणि टाळूला पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटतं. मग उमासे, मग "मला कॅप्सूल जमतच नाही बघा."

उलटं करायचं. तोंडात आधी एक घोट पाणी फिरवून ते गिळून टाका म्हणजे तोंड ओलं झालं. मग कॅप्सूल जिभेवर, मध्यम घोट पाणी, ओठ बंद, आणि आता मान खाली, हनुवटी छातीकडे, जणू शर्टाचं दुसरं बटण बघताय. कॅप्सूल आपोआप वर म्हणजे घशाच्या बाजूला तरंगत जाते, तेव्हा गिळा. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी १५१ जणांवर करून बघितलं, २०१४ मध्ये छापून आलं, त्यात या पुढे झुकायच्या पद्धतीने ८८.६ टक्के वेळा गिळणं सोपं झालं. मी काउंटरवर पाण्याची बाटली ठेवतो आणि नव्या गिऱ्हाइकाला तिथंच पहिली कॅप्सूल घ्यायला लावतो (घ्यायची वेळ तीच असली तर). लोक लाजतात, मागं रांग उभी असते, पण तीनपैकी दोघं तरी "अरे, गेली की!" म्हणतात.

एक मात्र सांगून ठेवतो, ज्यांना लकवा मारून गेलाय किंवा पार्किन्सन आहे त्यांनी ही युक्ती परस्पर करू नये, त्यांचं खाली वेगळं सांगितलंय.

चूक दुसरी: फोडणं, कुटणं, चावणं

ही माझी दुखरी नस आहे त्यामुळे जरा लांबेल.

माझे स्वतःचे काका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची ०.४ मिलीग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री जेवणानंतर. काकांना गिळायचा कंटाळा, आणि काकू आमची हुशार, घरात कुणाचं काही अडलं की तिच्याकडे उपाय तयार. तिने कॅप्सूल उघडली, आतले बारीक दाणे निघाले, ते मधात घोळले तर काका म्हणाले दाताखाली येतात. मग बाईने काढला खलबत्ता. वेलची कुटतो तो. दाण्यांची छान भुकटी केली आणि मधातून चाटवली. आठ-दहा दिवस असं चाललं आणि मला पत्ता नाही, मी त्याच घरात दर रविवारी जेवायला जातोय! एका रात्री काका लघवीला उठले, पलंगावरून उभे राहिले आणि दारातच कोसळले. कपाळाला चार टाके. बरं झालं खुबा वाचला.

आता हे का, तर त्या दाण्यांवर जे आवरण असतं ते औषध हळूहळू, दिवसभर सुटावं म्हणून असतं. कुटलं की तो बंदोबस्त गेला, सगळा डोस एकदम रक्तात. या औषधाने उभं राहताना बीपी खाली येऊ शकतं हे तर नीट गिळलं तरी आम्ही सांगतो, "पलंगावर दोन मिनिटं बसा, मग उठा." कुटून घेतल्यावर काय बोलायचं. काकूला मी रागावलो नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारा मी, घरातला केमिस्ट, तिच्या हातची पुरणपोळी खात बसलो होतो.

तर आता नियम माझा असा की कॅप्सूल उघडायच्या आधी विचारायचं, दर औषधाला वेगळं विचारायचं, शेजारणीचं चालतं म्हणून आपलं चालेल असं काही नसतं. उदाहरणं देतो म्हणजे फरक कळेल. ॲसिडिटीवरच्या ओमेप्रॅझोलच्या कॅप्सूलमधले दाणे बऱ्याचदा चमचाभर गार सफरचंदाच्या गरावर टाकून न चावता लगेच गिळता येतात, पण ते दुधात किंवा गरम पेजेत टाकले तर वरचं आवरण पोटाच्या आधीच सुटायला लागतं आणि चावले तर पोटातलं ॲसिड औषधालाच खातं, म्हणजे पैसे गटारात. याउलट रक्त पातळ करायचं डॅबिगॅट्रान, त्याची कॅप्सूल कधीच उघडायची नाही, कवचाशिवाय दाणे घेतले तर ७५ टक्के जास्त औषध रक्तात उतरतं आणि रक्तस्रावाची भीती. विदर्भात सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्याच पेशंटना हायड्रॉक्सियुरिया चालू असतं, लहान मुलांनाही, आणि आया बिचाऱ्या कॅप्सूल फोडून पाण्यात कालवतात. ते पेशींवर काम करणारं औषध आहे, त्याची पावडर श्वासात किंवा हाताला लागणं आईसाठीही बरं नाही, गरोदर असेल तर अजिबातच नाही. लहान पोराला कॅप्सूल जात नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरी सोय बघतील, पण घरी फोडू नका.

अजून एक मंडळी आहेत जी गिळता येत असूनही फोडतात. शाकाहारी. चातुर्मासात तर जास्तच. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं हे खरंय, त्यात चूक काही नाही, पण त्यावर उपाय कवच फेकून देणं हा नव्हे. बऱ्याच औषधांत सेल्युलोजचं म्हणजे वनस्पतीजन्य कवच मिळतं किंवा तेच औषध गोळीत मिळतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजायचं काय त्यात.

चूक तिसरी: झोपायच्या आधी, एका घोटात, आणि आडवं

ही माझीच गोष्ट. डी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला तोंडावर पुटकुळ्या, डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं, काही महिने घ्यायचं होतं. हॉस्टेलवर रात्री साडेबाराला अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं, पाण्याची बाटली रिकामी, तळाशी घोटभर होतं, तेवढ्यावर ढकलली आणि झोपलो. पहाटे छातीत असं काही जळायला लागलं की मला वाटलं हार्टच गेलं, वय वर्षं वीस. पुढचे पाच दिवस थुंकी गिळताना रडू यायचं, भात नाही, चहा नाही, गार दूध आणि आईस्क्रीमवर काढले. कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटून विरघळली होती आणि तिथं जखम झाली होती. वर्गात आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं, परीक्षेत चार मार्कांना येणार म्हणून पाठही केलं होतं!

डॉक्सीसायक्लिन यासाठी बदनामच आहे, पण लोहाची, पोटॅशियमची, दुखण्यावरची औषधंही असंच करू शकतात. तेव्हापासून माझी सवय: पेलाभर पाणी, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची कॅप्सूल मी जेवणाच्या ताटावरून उठलो की घेतो, अंथरुणाजवळ औषध ठेवतच नाही. आणि ते एसटीत बसून कोरडीच गिळणारे वीर असतात ना, "मला पाणी लागत नाही" म्हणणारे, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

बारीकसारीक, पण रोज दिसणाऱ्या

चहाबरोबर घेणं. गरम चहाने जिलेटिन तोंडातच पाघळतं. साधं पाणी घ्या.

चार कॅप्सूल एकदम तोंडात. कशाला, ट्रेन पकडायचीय? एक एक घ्या, मध्ये घोट घ्या.

पाणी जात नाही म्हणून केळ्यात खुपसून. चालतं काहींना, मी स्वतः मऊ केळ्याचा घास किंवा चमचाभर दही सुचवतो, पण ते चावायचं नाही आणि त्या औषधाला दूध-दही चालतं का हे आधी विचारायचं, सगळ्या अँटिबायोटिकना चालत नाही.

स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवणं. पावसाळ्यात, त्यात कोकणात, आठवडाभरात कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात आणि मग घशात जास्तच चिकटतात. डॅबिगॅट्रानसारखी काही औषधं तर मूळ पॅकमधून बाहेर काढायचीच नसतात.

मोठी कॅप्सूल बघून घाबरणं आणि गप्प बसणं. कॅप्सूलचे नंबर उलटे चालतात, दोन शून्यवाली जवळपास २३ मिलीमीटर लांब, चार नंबरची १४च्या आसपास. कधी कधी मोठ्या एकाऐवजी लहान दोन मिळतात, कधी तेच औषध सिरप, सॅशे, तोंडात विरघळणारी गोळी अशा रूपात मिळतं, विसराळूपणासाठी दिल्या जाणाऱ्या रिवास्टिग्मिनचा तर चक्क कातडीवर लावायचा पॅच मिळतो. विचारल्याशिवाय कुणी देत नाही पण.

आणि दोन दिवस प्रयत्न करून "नाही जमत" म्हणणारे उतावळे. अहो, सायकल दोन दिवसांत आली होती का? नुसती भीती असेल, बाकी खाणंपिणं व्यवस्थित असेल, तर मी खिरीतल्या साबुदाण्यावर सराव करायला सांगतो. शिजलेला एक दाणा, न चावता, घोटभर पाण्याबरोबर, मान खाली. मग दोन दाणे. आठ दिवस. हसू नका, माझ्याकडच्या एका कॉलेजच्या मुलीने असंच जमवलं, आता ती मलाच शिकवते.

सगळ्यात मोठी चूक: "वय झालंय, होतं असं"

वरचं सगळं ज्यांचा घसा धड आहे त्यांच्यासाठी. पण साधं पाणी पितानाही ठसका लागतोय, प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतोय, जेवायला तासभर लागतोय, वजन उतरतंय, छातीत परत परत कफ भरतोय, तर प्रश्न कॅप्सूलचा राहिलेला नाही. पार्किन्सन आणि लकव्याच्या पेशंटमध्ये गिळायची यंत्रणाच ढिली पडते आणि गंमत म्हणजे त्यांना सगळ्यात अवघड जातं ते पातळ पाणी, आणि आपण काय करतो, औषध अडकलं की अजून पाणी पाजतो. ते पाणी श्वासनलिकेत जातं. अशा माणसाचं गिळणं तपासतात ते स्पीच थेरपिस्ट, बोलण्याचेच नाहीत तर गिळण्याचेही तज्ज्ञ, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथं हे लोक शिकून तयार होतात, मोठ्या शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांतही असतात. ते बघून सांगतील मान कशी ठेवायची, पाणी घट्ट करून द्यायचं का, कॅप्सूल द्यायचीच की नाही.

आणि मिश्री, तंबाखू, गुटखावाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. तोंडच पूर्ण उघडत नाही, किंवा आधी भाकरी अडकायची, मग भात, आता पेजही अडकते, असा क्रम असेल तर माझ्याकडे सिरप मागायला येऊ नका, कान-नाक-घसावाल्यांकडे जा, आजच.

कॅप्सूल अडकल्यासारखी वाटली तर आधी बसा, दोन-चार घोट पाणी प्या, चावलेला पोळीचा किंवा केळ्याचा घास घ्या. बहुतेक वेळा कॅप्सूल गेलेली असते आणि ओरखडा मागे राहिलेला असतो, तो काही वेळ टोचतो. ठसका लागून श्वास अडतोय, थुंकीही गिळता येत नाही, छातीत दुखतंय तर मात्र घरात पाठ थोपटत बसू नका, गाडी काढा.

काकांचं विचाराल तर ते आता टेबलाशी बसून शर्टाचं बटण बघत कॅप्सूल घेतात. काकूने खलबत्ता माळ्यावर टाकलाय, वेलची मिक्सरमध्ये करते.