ड्रॉइंग झटपट, दुरुस्ती महिनाभर: ऑटोकॅडमधल्या या चुका टाळा

ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. आमच्या ऑफिसात नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, त्यातल्या शॉर्टकटची लिस्ट द्या ना." मी देतो. दोन पानांची आहे. महिन्याभरात तो लाइन, ट्रिम, ऑफसेट असं काही झरझर मारायला लागतो की बाजूच्याला वाटावं तबलाच वाजतोय. मग त्याचं ड्रॉइंग साइटवर जातं आणि पुढचे तीन दिवस मी फोनवर असतो.

हिंगणा एमआयडीसीच्या आसपास शेड, प्लॅटफॉर्म, टाक्यांचे सपोर्ट यांची ड्रॉइंग करून देणं हा माझा धंदा. एकोणीस वर्षांत एवढं पक्कं कळलं की कमांड टाइप करण्यात कुणाचाच दिवस जात नाही. दिवस जातो तो काल केलेलं आज परत करण्यात.

डायमेन्शनवर डबल क्लिक करून आकडा बदलणं

डायमेन्शन म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेलं माप. ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

बुटीबोरीकडच्या एका शेडचं काम होतं. २४ कॉलम, प्रत्येकाखाली ४५० बाय ४५० ची, २५ मिलिमीटर जाड बेस प्लेट, चार बोल्ट. बोल्टांमधलं अंतर आधी ३०० होतं. संध्याकाळी कन्सल्टंटचा फोन आला, ३२० करा. आमचा मुलगा निघायच्या घाईत. त्याने डायमेन्शनवर डबल क्लिक केलं, ३०० पुसून ३२० लिहिलं, प्रिंट काढली, डीएक्सएफ म्हणजे कटिंग मशीनला द्यायची फाइल मेल केली आणि घरी गेला. भोकांची सर्कल जिथल्या तिथे.

आता गंमत बघा. साइटवर प्रिंट गेली. तिथल्या माणसाने प्रिंटवरचा आकडा वाचला, ३२० ची टेम्प्लेट बनवली आणि फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये पक्के करून टाकले. कटिंगवाल्याकडे डीएक्सएफ गेली. प्लाझ्मा मशीन काही डायमेन्शन वाचत नाही, ते रेषा आणि सर्कल वाचतं. त्याने ३०० वर भोकं पाडली. दोघांनीही आमच्याच ड्रॉइंगप्रमाणे काम केलं होतं, दोघंही बरोबर होते.

मे महिना, दुपारचे दोन, आणि साइटवरून फिटरचा फोन. "सर, बोल्ट बसूनच नाही राहिले. प्लेट उलटीपालटी करून पायली, तरी नाही."

मला आधी वाटलं बोल्ट तिरपे गेले असतील. ड्रॉइंग उघडलं तर ३२० दिसतंय. म्हणजे चूक कटिंगवाल्याची, असं म्हणून मी त्याला फोनवर दोन शब्द सुनावलेसुद्धा. मग सहज डिस्टन्स कमांड मारून दोन सेंटरमधलं अंतर मोजलं. ३००. एसीतसुद्धा घाम फुटला. प्रत्येक भोक दोन्ही दिशांनी दहा-दहा चुकलेलं, म्हणजे कर्णावर १४ मिलिमीटर. भोकं लांबट करून घेऊ म्हटलं, तर कन्सल्टंटने साफ नाही म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं. एक प्लेट साधारण ४० किलोची, २४ प्लेटा म्हणजे जवळपास टनभर लोखंड आमच्या खर्चाने परत कापलं. कटिंगवाल्या भाऊंची माफी मागायला मी स्वतः गेलो.

मुलाला विचारलं, "काऊन केलं रे असं?" तो म्हणाला, "सर, टेम्पररी केलं होतं. सकाळी सुधरवणार होतो." टेम्पररी या शब्दावर आमच्या ऑफिसात तेव्हापासून बंदी आहे.

खरं तर काम होतं दोन मिनिटांचं. सर्कल मूव्ह किंवा स्ट्रेचने सरकवली असती, तर डायमेन्शनने आपला आकडा आपणच बदलला असता. डायमेन्शन हा मोजमापाचा निकाल आहे. तो हाताने लिहिला की काट्याला बोट लावून वजन केल्यासारखं होतं.

पकडायचं कसं? माझी सवय सांगतो. ड्रॉइंग बाहेर जायच्या आधी सगळी डायमेन्शन सिलेक्ट करायची, प्रॉपर्टीज पॅलेट उघडायची आणि 'टेक्स्ट ओव्हरराइड' ही ओळ बघायची. ती रिकामी असली पाहिजे. तिथे 'व्हेरीज' किंवा एखादा आकडा दिसला, म्हणजे कुणीतरी हात मारलाय. त्या ओळीतलं पुसलं की खरा आकडा परत येतो. कधीकधी तो आकडा बघून पोटात गोळा येतो, पण तो ऑफिसात आलेला बरा.

डायमेन्शन एक्सप्लोड करणाऱ्यांबद्दल, म्हणजे ते फोडून सुट्या रेषा आणि अक्षरं करणाऱ्यांबद्दल, मी इथे काही लिहीत नाही. ब्लडप्रेशर आहे मला.

युनिट न बघता फाइल उघडणं

नवीन फाइल उघडताना दोन टेम्प्लेट समोर येतात. साधी 'अकॅड' नावाची इंचांची, 'अकॅड आयएसओ' मिलिमीटरची. मुलं पहिली दिसेल ती घेतात. मग मिलिमीटरमधला ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेलं तयार चित्र, त्यात आणला की तो २५.४ पट बारीक होतो, आणि हे महाशय त्याला अंदाजाने स्केल करून 'दिसायला बरोबर' करतात. फाइल उघडली की आधी युनिट्स बघा. इन्सयुनिट्स या सेटिंगमध्ये १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. ० असेल तर फाइलला स्वतःलाच माहीत नाही ती कशात आहे, आणि असली फाइल सर्वात वाईट.

सर्व्हेची फाइल हजाराने मोठी करून तिच्यावरच काम करणं

सर्व्हेयर फाइल देतो मीटरमध्ये आणि खऱ्या कोऑर्डिनेट्सवर. नागपूर यूटीएम या नकाशाच्या मोजणी पद्धतीच्या ४४ व्या झोनमध्ये येतं, विषुववृत्तापासून मोजलेलं इथलं अंतर २३ लाख मीटरच्या वर जातं. ती फाइल हजाराने स्केल केली की आकडा दोनशे कोटींच्या पुढे गेला. एवढ्या लांब जाऊन काम केलं की ऑटोकॅडचा हिशोब डळमळायला लागतो. हॅच, म्हणजे आत भरलेल्या तिरप्या रेषा, तुटकं दिसतं, नेमका बिंदू पकडणारा स्नॅप भलतीकडे उडी मारतो, गोल चौकोनी दिसायला लागतात. मग मुलगा म्हणतो, "सर, ग्राफिक कार्ड घ्यावं लागते." ग्राफिक कार्ड काय करणार बाप्पा! नुसता यूसीएस, म्हणजे मोजायचा शून्यबिंदू आणि अक्ष, सरकवूनही उपयोग नाही, कारण आतले खरे आकडे तेवढेच मोठे राहतात.

मी सर्व्हेच्या मूळ फाइलला हात लावत नाही. आपली फाइल मिलिमीटरमध्ये, ओरिजिनजवळ म्हणजे शून्यबिंदूजवळ. सर्व्हे एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल म्हणून, आणायचा, तिथेच काय तो स्केल आणि सरकवणं, आणि कितीने सरकवला ते एका कोपऱ्यात लिहून ठेवायचं. हे लिहून ठेवणंच लोक विसरतात. महिन्याने सुधारित सर्व्हे आला की पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या ड्रॉइंगवर 'सेव्ह अ‍ॅज' करून नवीन काम सुरू करणं

हे सगळेच करतात. मीही करत होतो, एका क्लायंटच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याच क्लायंटचं नाव गेलं तोवर. ते मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर उघडलं गेलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नावाचं सोडा. जुन्या फाइलबरोबर जुना कचरा येतो. न वापरलेले लेयर म्हणजे रेषांचे थर, ब्लॉक, लाइनटाइप, कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरने सोडलेल्या नोंदी. साध्या पायऱ्यांचं ड्रॉइंग उघडायला चहा पिऊन यायला लागतो. कचरा काढायला पर्ज कमांड वापरा, पण सगळ्या नोंदी त्याच्या खिडकीत दिसत नाहीत. आधी वजाचं चिन्ह देऊन पर्ज लिहा, त्यातला 'रेगॅप्स' पर्याय घ्या, मग फाइलमधल्या चुका तपासणारं ऑडिट. तरीही फाइल जड वाटली तर कामाचं तेवढं डब्ल्यूब्लॉकने उचलून कोऱ्या फाइलमध्ये न्या.

मुळात एक चांगली टेम्प्लेट बनवा ना. लेयर, डायमेन्शन स्टाइल, टायटल ब्लॉक, लेआउट, सगळं आत. मला एक अख्खा रविवार लागला होता, सांबारवडीसह. तो रविवार आजवर वसूल होतोय. पण हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण टेम्प्लेट बनवताना 'काम' दिसत नाही.

कटिंगला फाइल देताना एकावर एक रेषा ठेवणं

कॉपी-पेस्ट करताना एकाच जागी दोन रेषा बसतात. पडद्यावर एकच दिसते. मशीन मात्र त्याच जागी दोनदा कापू शकतं. ओव्हरकिल कमांड मारा, डुप्लिकेट जातात. बाहेरची सीमा पॉलिलाइनने, म्हणजे सलग जोडलेल्या रेषेने, बंद आहे का तेही बघा, लिस्ट मारली की 'क्लोज्ड' का 'ओपन' ते दिसतं. हॅच बसत नसेल तर तिथेही बहुतेक हाच गॅप असतो.

फक्त मुख्य फाइल व्हॉट्सअ‍ॅप करणं

एक्सरेफ तुमच्याच मशीनवर राहिलं, समोरच्याला अर्धी शेड दिसली. ई-ट्रान्समिट वापरा, सगळं एका झिपमध्ये जातं. एक्सरेफचे पाथ रिलेटिव्ह, म्हणजे मुख्य फाइलच्या फोल्डरपासून मोजलेले, ठेवा.

आता किरकोळ, पण रोज फोन येतात अशा

फाइल उघडायची खिडकीच येत नाही, नुसतं खाली कमांड लाइनवर नाव विचारतं: फाइलडिया टाइप करून १ करा. दुसरी वस्तू सिलेक्ट केली की पहिली सुटते: पिकअ‍ॅड २ करा. मिरर केल्यावर अक्षरं उलटी होतात: मिरटेक्स्ट (MIRRTEXT) ०. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची गरज नाही, आणि त्यासाठी रात्री अकराला मला फोन करायचीही नाही.

रंग प्रत्येक रेषेला वेगळा देऊ नका, लेयरला द्या. दुसऱ्याने आधीच दिला असेल तर तो परत लेयरप्रमाणे करायला सेटबायलेयर कमांड आहे. डेफपॉइंट्स लेयरवर काम करून "सर, प्रिंटमध्ये येऊनच नाही राहिलं" म्हणू नका. तो लेयर प्रिंट होत नाही.

उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ऑटोसेव्हचं बघा. सेव्हटाइम मुळात १० मिनिटं असतो, मी ५ ठेवतो. लाइट गेल्यावर घाबरून भराभर नवीन फाइल सेव्ह करत सुटू नका. ड्रॉइंगच्या शेजारीच बॅक एक्स्टेन्शनची फाइल असते, आदल्या सेव्हची. तिची कॉपी करून एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी केलं की उघडते. त्याहून ताजी प्रत एसव्ही डॉलर एक्स्टेन्शनने टेम्प फोल्डरमध्ये सापडते. पण ऑटोकॅड नीट बंद केलं की ती पुसली जाते, म्हणून क्रॅशनंतर लगेच शोधा.

आणि टायटल ब्लॉकमध्ये मराठी लिहीत असाल तर युनिकोड फॉन्ट घ्या, मंगल किंवा निर्मला. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं गावाचं नाव, खसरा नंबर समोरच्याच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. एकदा अशी प्रिंट सही होऊन परत आली होती, कुणी वाचलीच नव्हती. फाइलसोबत पीडीएफ जोडा.