पाव, पाऊण आणि पॉइंट : अपूर्णांकातून दशांशात आणि दशांशातून अपूर्णांकात कसं जावं

भाजीच्या काट्यावर ०.३७५ असा आकडा उमटला. भाव १६० रुपये किलो. १६० गुणिले ०.३७५ तोंडी कर म्हटलं, तर बहुतेकांचा हात मोबाइलकडे जाईल. पण ०.३७५ म्हणजे तीन अष्टमांश, म्हणजेच तीन अदपाव, हे ओळखता आलं की १६० चा आठवा भाग २०, त्याची तिप्पट ६०. झाला हिशोब.

आकडा एकच, त्याचे कपडे दोन. ३/८ हा व्यवहारी अपूर्णांक आणि ०.३७५ हा दशांश अपूर्णांक. काट्याला, कॅल्क्युलेटरला, बिलाला दशांश लागतो. तोंडी हिशोबाला आणि वाटणीला मात्र व्यवहारी अपूर्णांक जास्त सोयीचा. एकातून दुसऱ्यात चटकन जाता आलं पाहिजे, आणि कुठे जाऊ नये तेही कळलं पाहिजे.

सुरुवात आपल्या बोलीतून

पाव, अर्धा, पाऊण हे शब्द आपल्या तोंडात बसलेले आहेत. त्यांचे दशांश ०.२५, ०.५ आणि ०.७५. सव्वा म्हणजे १.२५, दीड १.५, अडीच २.५, साडेचार ४.५. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असलेल्या पिढीला कागद लागत नसे, कारण हे अपूर्णांक त्यांच्यासाठी पाढ्यातले आकडे होते.

यात एक जागा घसरण्याची आहे. पावणेतीन हा शब्द ऐकून मुलं ३.७५ लिहितात. पावणे म्हणजे पावाने उणे. तिनाला पाव कमी, म्हणून २.७५. सव्वातीन मात्र तिनाच्या पुढे, ३.२५. मुलांना हे संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवलं की पुन्हा चूक होत नाही, नुसतं पाठ करून घेतलं की होतेच.

कापडाच्या दुकानात सव्वादोन मीटर कापड १८० रुपये मीटरने घेतलं, तर दोन मीटरचे ३६०, पाव मीटरचे ४५, एकूण ४०५. कॅल्क्युलेटरवर २.२५ गुणिले १८० केलं तरी तेच येतं. दोन्ही वाटांनी एकदा करून पाहिलं की उत्तराची खात्री पटते.

अपूर्णांकाचा दशांश

५/८ ही मधली रेघ म्हणजे भागाकाराचं चिन्हच आहे. अंशाला छेदाने भागायचं, एवढंच.

१. ५ मध्ये ८ जात नाहीत. वर शून्य लिहा, दशांशचिन्ह द्या, ५ पुढे शून्य घ्या.
२. ५० ला ८ ने भागा : सहा वेळा, ४८, बाकी २.
३. बाकीपुढे शून्य, २० : दोन वेळा, १६, बाकी ४.
४. पुन्हा शून्य, ४० : पाच वेळा, बाकी शून्य. उत्तर ०.६२५.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक असेल तर पूर्णांकाला हात लावायचा नाही. सात पूर्णांक पाच अष्टमांश म्हणजे ७.६२५.

भागाकार टाळण्याची वाटही आहे. छेदाचे १०, १०० किंवा १००० करता येतात का ते पाहा. ७/२० मध्ये विसाचे शंभर करायला पाचाने गुणावं लागतं, म्हणून वरही पाचाने गुणा : ३५/१००, म्हणजे ०.३५. ३/२५ ला चाराने गुणलं की १२/१००, म्हणजे ०.१२.

अपूर्णांकाला आधी संक्षिप्त रूप द्या. मग छेदाच्या अवयवांत फक्त २ आणि ५ उरले, तर भागाकार कुठेतरी संपतो. ३, ७, ११ असं काही उरलं, तर तो कधीच संपत नाही. १/३ म्हणजे ०.३३३…, १/७ म्हणजे ०.१४२८५७ आणि पुढे हेच सहा अंक पुन्हा पुन्हा. दहाचे अवयवच २ आणि ५ आहेत, त्यामुळे दहाच्या घरात तिसऱ्या हिश्श्याला नेमकी जागा नाही.

दशांशाचा अपूर्णांक

दशांशचिन्हाच्या उजवीकडे जितके अंक, तितकी शून्यं एकापुढे देऊन छेद तयार करा. चिन्ह काढून उरलेली संख्या अंशात लिहा. मग दोघांना भाग जाईल तितका घालवा.

०.३७५ मध्ये तीन अंक आहेत, म्हणून ३७५/१०००. दोघांना १२५ ने भागा : ३/८. एकदम १२५ सुचलं नाही तर पाचाने तीनदा भागा, तिथेच पोचाल. ०.०५ म्हणजे ५/१००, अर्थात १/२०. इथे ०.०५ आणि ०.५ यांची गल्लत फार होते, म्हणून अंक मोजताना चिन्हानंतरचं शून्यही मोजायचं.

दशांश मोठ्याने कसा वाचता यालाही महत्त्व आहे. ‘शून्य पॉइंट तीनशे पंचाहत्तर’ असं वाचलं की मुलाला ०.३७५ हा ०.५ पेक्षा मोठा वाटतो, कारण पाचापेक्षा तीनशे पंचाहत्तर मोठे. ‘तीन, सात, पाच’ असे अंक सुटे वाचावेत आणि तुलना करताना ०.५ ला ०.५०० लिहावं.

आवर्ती, म्हणजे तेच अंक पुन्हा पुन्हा येणाऱ्या दशांशासाठी छेदात नऊ येतात. ०.४५४५… असेल तर ४५/९९, म्हणजे ५/११. रोजच्या व्यवहारात याची गरज क्वचितच पडते.

तिसरा हिस्सा : इथे घाई महाग पडते

आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ ला तिनाने भाग जातो : ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. रुपयाचा तिसरा हिस्सा नेमका, बाकी न ठेवता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि दशमान पद्धत आली. हिशोब पुष्कळ सोपे झाले, पण तिसरा हिस्सा ३३.३३… झाला. आण्याचंही तसंच : १/१६ म्हणजे ०.०६२५, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं नव्हतं, त्यामुळे एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असं पूर्णांकात बसवावं लागलं. चार आण्यांवर मात्र हिशोब बरोबर जुळतो.

आता शेतीच्या वाटणीचं उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर जमीन आहे आणि तीन भावंडांचा समान हिस्सा आहे. कोणी १/३ म्हणजे ०.३३ धरून ८१ ला गुणलं, तर प्रत्येकाला २६.७३ आर येतात. तिघांचे मिळून ८०.१९. उरलेले ०.८१ आर म्हणजे ८१ चौरस मीटर, सुमारे ८७० चौरस फूट. एवढ्या जागेत घर उभं राहतं, आणि ती हिशोबातून नुसत्या दोन आकड्यांपायी गळाली. ८१ ला सरळ तिनाने भागलं असतं तर प्रत्येकी २७ आर, काही न उरता.

म्हणून छेदात तीन, सहा, सात, नऊ असं काही दिसलं की शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांकच ठेवा. आधी गुणा, मग भागा, आणि दशांश अगदी शेवटी काढा.

टिंब दिसलं म्हणजे दशांश असेलच असं नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक दहावा भाग सांगतो. मोजमाप दहाच्या किंवा शंभराच्या पटीत असेल तरच टिंब खरं बोलतं. हेक्टरचे शंभर आर, म्हणून ०.८१ हेक्टर म्हणजे बरोबर ८१ आर. पण एकराचे गुंठे चाळीस. एक एकर दहा गुंठे ही जमीन घाईत १.१० एकर लिहिली जाते. दहा गुंठे म्हणजे १०/४०, पाव एकर. खरा आकडा १.२५.

फुटाचे इंच बारा. खोली १० फूट १० इंच लांब आणि १२ फूट रुंद आहे. मोबाइलवर १०.१० गुणिले १२ केलं तर १२१.२ चौरस फूट येतात. १० इंच म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. बारा फुटांनी गुणलं की १२० अधिक १०, म्हणजे १३० चौरस फूट. पहिल्या आकड्यावर फरशी मागवली तर जवळजवळ नऊ चौरस फूट कमी पडेल.

सुताराचं माप याहून नाजूक. इंचाचे आठ सूत. ‘दोन इंच तीन सूत’ म्हणजे २ पूर्णांक ३/८, दशांशात २.३७५ इंच. इंचाचे २५.४ मिलिमीटर, म्हणून ६०.३ मिलिमीटर. कोणी ते २.३ इंच लिहिलं तर ५८.४ मिलिमीटर होतात. जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्याने ड्रॉवर अडकतो. आठाच्या छेदाचे चार दशांश म्हणूनच पाठ असावेत : १/८ म्हणजे ०.१२५, ३/८ म्हणजे ०.३७५, ५/८ म्हणजे ०.६२५, ७/८ म्हणजे ०.८७५. मधले तीन म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण, ते येतातच.

क्रिकेटच्या धावफलकावर १८.३ षटकं म्हणजे अठरा षटकं आणि तीन चेंडू. षटकाचे चेंडू सहा, त्यामुळे ३/६, अर्धं षटक, दशांशात १८.५. धावा १४८ असतील तर १४८ भागिले १८.५ म्हणजे षटकामागे बरोबर ८. १८.३ ने भागलं तर ८.०९ दाखवेल, आणि ते चूक आहे.

तासाचंही असंच. ताशी १२० रुपये ठरलेल्या माणसाने २ तास २० मिनिटं काम केलं आणि वहीत २.२० लिहून गुणाकार झाला, तर त्याच्या हातात २६४ रुपये पडतील. २० मिनिटं म्हणजे २०/६०, तासाचा तिसरा भाग. दोन तासांचे २४०, तिसऱ्या भागाचे ४०, एकूण २८० रुपये. मिनिटं आधी साठाच्या छेदावर लिहायची, भाग घालवायचा आणि मगच दराने गुणायचं.